उमरटेकच्या टेकडीवर पाहुण्यांनी खेळलेला गोल्फ आणि मनकर्णाबाईची काडी

सुज्ञ वाचकहो, उमरटेक नामक आमच्या लहानशा गावाच्या पाठीशी जी टेकडी उभी आहे, तिच्या उतारावर सन १९८१ च्या हिवाळ्यात एका रविवारी नागपूरच्या तीन पाहुण्यांनी गोल्फ हा विलायती खेळ खेळला. त्यांना ती टेकडी कशी वाटली, ते काय बोलले, काय बोलता बोलता थांबले, आणि त्यांच्या बोलण्यावर आमच्या साऱ्या गावच्या गुरांचे चरणे कसे टांगून राहिले होते, याचे साद्यंत निवेदन मी येथे करणार आहे. जे प्रत्यक्ष पाहिले व ऐकले तेवढेच लिहीन. वर्णनाच्या ओघात एखादा अलंकार अधिकचा पडल्यास तो वाचकांनी बाजूस सारून कथेकडे लक्ष द्यावे.

प्रथम स्थळवर्णन. आर्वीहून यस्टीने निघून आमच्या फाट्यावर उतरले असता समोर जो हिरवा-पिवळा उंचवटा दिसतो, तीच ती टेकडी. माथ्यावर उभे राहावे तो खाली वेचणीला आलेल्या कपाशीचे पांढरे पट्टे, त्यांच्या कडेने संत्र्यांचे बगीचे आणि पलीकडे नव्या धरणाचे पाणी दृष्टीस पडते. सकाळच्या प्रहरी ते पाणी असे काही चमकते की त्याचे यथार्थ वर्णन करण्यास माझी सातव्या वर्गापर्यंतची विद्या अपुरी पडते. तथापि चमकते हे खरे.

धरणाच्या कामावर सबनीस साहेब नावाचे मोठे अभियंता होते. मूळचे पुण्याचे. गोरेपान, उंच, आणि शब्दाला अत्यंत पक्के. त्यांस गोल्फची आवड इतकी की वसाहतीत राहावयास येताना त्यांच्या ट्रकमधून पलंगाच्या आधी काठ्यांची थैली उतरली. त्यांनी आमच्या टेकडीवर नऊ ठिकाणी जमीन सपाट करविली, त्यावर चाळलेला मुरूम पसरून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून गोल अंगणे तयार करविली आणि प्रत्येक अंगणात एक खड्डा व त्या खड्ड्यात एक झेंडी ठेवविली. साहेब त्या अंगणांना इंग्रजी नावाने संबोधीत. आम्ही त्यांना खळे म्हणत असू, कारण ज्वारीचे खळे व ते यांत दाण्यांखेरीज काही फरक नव्हता. खेळाचे सार असे, की दुरून काठीने चेंडू मारीत मारीत तो खळ्यावर आणावा व खड्ड्यात घालावा. ज्याला कमी फटके लागतील त्याने ते खळे जिंकले. या सर्व व्यवस्थेवर देखरेख करणारा मुकादम म्हणून माझी नेमणूक झाली होती.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ही टेकडी आमच्या गावचे पिढ्यान्‌पिढ्यांचे चराईचे रान. गावची सर्व गुरे पुनाजी नावाचे गोंड समाजाचे वृद्ध गायकी रोज तिच्यावर चारीत. जिथे गुरे तिथे शेण, आणि जिथे शेण तिथे गोवऱ्यांसाठी ते वेचणाऱ्या आमच्या गावच्या बाया. साहेबांना मात्र चेंडू व शेण ही दोन्ही एका जागी पाहणे असह्य होई. शुक्रवारी त्यांनी मला बंगल्यावर बोलावले.

"रूपराव, रविवारी नागपूरहून तिघेजण खेळायला येताहेत. त्यांना टेकडी पसंत पडली तर दरवर्षी इथे सामने होतील. पण त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून गुरांबद्दल किंवा शेणाबद्दल तक्रार आली, तर सोमवारी सकाळी टेकडीभोवती काटेरी तार लागलीच म्हणून समज. तार आलेली आहे. खुंट तू रोवायचेस."

बंगल्यामागे तारेची भेंडोळी पडलेली मी येतानाच पाहिली होती. मी धीर एकवटून विचारले, "आणि साहेब, तक्रार न आल्यास?"

साहेब हसले. "न आल्यास मी तारेचं नावसुद्धा काढणार नाही. माझा शब्द."

वाचकहो, आपल्याच गावच्या जनावरांना आपल्याच हाताने बाहेर कोंडण्याचे काम ज्याच्या कपाळी येऊ पाहत आहे, अशा मनुष्याला त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. सायंकाळी मारुतीच्या ओट्यावर मी गावास ही वार्ता सांगितली.

सर्वप्रथम बोलली ती मनकर्णाबाई. ही माझी मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. अंगाने बारीक, आवाजाने मोठी.

"म्हंजे पाहुने येऊन आमच्या गाईच्या शेनाले नावं ठेवतीन, अन् म्हून आमी चुली बंद करायच्या? तू काय करून राह्यलता रूप्या तिथं, मुकादम असून?"

"मोठी माय, साहेबानं शब्द देल्ला हाय. फक्त रविवारी टेकडीवर शेनाचा एकई पो दिसाले नाई पायजे."

"दिसनार नाई," पुनाजी शांतपणे म्हणाले. "म्या जनावरं नाल्यापलीकडं धरून ठेवतो. तिकडचं साहेबायले दिसतच नाई."

"अन् जे आता पडलं हाय ते?" समोरच्या घरच्या शकुबाईने विचारले.

"ते तुमीच उचला. सगयं. एक बी नका सोडू," पुनाजी म्हणाले.

दोघीही बाया एकमेकींकडे तिरक्या नजरेने पाहू लागल्या, आणि त्याचे कारण सांगणे येथे अगत्याचे आहे. आमच्या भागात शेण वेचणाऱ्या स्त्रियांचा एक कडक दंडक आहे. जिला शेणाचा पो आधी दिसेल तिने त्यावर एक काडी उभी खोवावी. मग तिने खुशाल दुसरीकडे जावे, पाणी भरावे, पोराला निजवावे. परत येईपर्यंत त्या पोला अन्य कोणी हात लावीत नाही. पाटलीणबाईंनीही लावलेला नाही. अर्थात काडी कोणाची आधी, यावरून मनकर्णाबाई व शकुबाई यांच्यात सदैव युद्धाचा प्रसंग असे.

शनिवारी दोघींच्या चुरशीमुळे टेकडी अशी निर्मळ झाली की शोधूनही शेण सापडू नये. रविवारी पहाटे मी स्वतः सर्व उतार फिरून खात्री करून घेतली. बायांना म्हटले, "शेवटच्या खळ्यापाशी पळसाच्या आड बसून राहा. चुकून काही पडलंच, तं लगेच उचलजा. पन दिसू नका."

पाहुणे जीपने आले. त्यांत अग्रभागी कर्नल दस्तूर, पारशी गृहस्थ, सैन्यातून निवृत्त, पांढऱ्या मिशा आणि त्याहून पांढरी पँट. दुसरे डॉक्टर हरकरे, देहाने स्थूल, परंतु या खेळाचे यच्चयावत नियम त्यांना मुखोद्गत. नागपूरला वाद पडला की त्यांचाच निवाडा मानीत. तिसऱ्या त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई, ज्या पदर खोचून खेळत आणि पतीपेक्षा चांगल्या खेळत. सामना ठरला साहेब विरुद्ध कर्नल. हरकरे दांपत्य सोबत आपल्या आनंदासाठी खेळणार होते. कर्नलांची थैली माझ्या खांद्यावर आली, हे माझ्या दृष्टीने उत्तम झाले, कारण त्यांच्या मुखातून निघणारा प्रत्येक शब्द मला ऐकणे प्राप्त होते.

पहिलाच शब्द ऐकून मी खांद्यावरची थैली घट्ट धरली. कर्नलांनी मान वर करून टेकडी न्याहाळली आणि म्हणाले, "सबनीस, ये गोल्फ है या पहाड़ चढ़ने का इम्तहान?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी मनात म्हटले, ही तक्रार टेकडीविषयी झाली, गुरांविषयी नव्हे.

दुसऱ्या खळ्याकडे चढताना डॉक्टर एका दगडावर बसले. "रोज पेशंटना सांगतो, चालत जा. आज कळलं, किती निर्दयपणे सांगतो."

"बसू नका," सुलोचनाबाई म्हणाल्या, "तुम्हाला उठवायला परत कर्नलना बोलवावं लागेल."

चौथे खळे ऐन उतारावर होते. कर्नलांचा चेंडू खड्ड्याच्या काठाला शिवला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि मग सावकाश निघून घरंगळत घरंगळत आम्ही जिथून आलो होतो तिथे जाऊन बसला. कर्नलांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"इस पहाड़ पर गेंद को घर की बहुत याद आती है।"

ही देखील तक्रार धरता येत नव्हती. पुढे सुलोचनाबाईंच्या मोज्यांत कुसळे शिरली. त्यांनी एका पायावर उभ्या राहून ती उपटली आणि म्हणाल्या, "ही तुमची गवतं फार प्रेमळ आहेत हो, सबनीस." साहेब हसले. मी सुटकेचा श्वास टाकला. खरे सांगावयाचे तर त्या सकाळी मी श्वास कमी व सुटकेचे श्वास अधिक घेतले.

माथ्यावरच्या खळ्याशी पोहोचल्यावर मात्र सर्वांनीच काठ्या खाली ठेवल्या. धरणाच्या पाण्यावर ऊन पसरले होते, संत्र्यांच्या बगीच्यांतून धूर वर चढत होता आणि लांबवर पुनाजींच्या गुरांच्या घंटा वाजत होत्या.

"मला इथे चेंडू मारावासाच वाटत नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "नुसतं बसून राहावंसं वाटतं."

"पण मागचा खेळ खोळंबेल ना," साहेब म्हणाले.

"मागे कोण आहे?"

साहेबांनी मागे पाहिले. मागे टेकडीच होती. "कोणी नाही," त्यांनी प्रांजळपणे कबूल केले, आणि सर्वजण थोडा वेळ बसले.

कर्नलांनी गवतावरून हात फिरवला. "कमाल है। इतनी बराबर घास कौन काटता है?"

"आमची माणसं," साहेब म्हणाले.

ते गवत आमच्या जनावरांनी चरून बरोबर केलेले होते. त्या दिवशी शेणाइतकेच सत्यही टेकडीवर दिसता कामा नये, अशी परिस्थिती होती.

आठ खळी संपली तेव्हा साहेब व कर्नल बरोबरीत होते. आता नववे खळे ज्याचे, त्याचा सामना. त्याच्यासाठी चेंडू मारण्याची जागा टेकडीच्या खांद्यावर आणि खळे पार खाली, पळसांच्या राईशेजारी. साहेबांनी प्रथम मारला. चेंडू सुरेख गेला व खळ्याच्या थोडा अलीकडे थांबला. साहेबांचा चेहरा प्रफुल्लित झाला.

कर्नल काठी घेऊन उभे राहिले, मान खाली, डोळे चेंडूवर. साहेबांचे डोळे कर्नलांवर. माझे डोळे मात्र खाली गेले. नाला ओलांडून पुनाजींची बांडी, म्हणजे तुटक्या शेपटीची, गाय एकटीच संथपणे वर येत होती. रोज या वेळी ती तेथे चरावयास येई, त्यामुळे आजही आली, तिची चूक नव्हती. ती खळ्याच्या अलीकडे थांबली, शेपटीचा उरलेला तुकडा तिने वर केला, आणि जे होऊ नये ते झाले. नंतर ती चार पावले पुढे जाऊन चरू लागली.

पळसामागून दोन लुगडी एकदम उठली. मनकर्णाबाई पुढे, शकुबाई मागे. मनकर्णाबाईने धावता धावता शकुबाईला कोपराने मागे सारले, वाकून काडी खोवली, आणि टोपली पळसाखाली राहिली म्हणून ती आणण्यास परत वळली. मी ओरडू शकत नव्हतो. इतक्यात माझ्या शेजारी कर्नलांची काठी सणकन फिरली.

चेंडू उंच गेला, निळ्या आकाशात टिपका होऊन राहिला, आणि खाली येऊन जिथे मनकर्णाबाईची काडी उभी होती त्याच पोमध्ये थप्पकन बसला.

आम्ही उतरून तेथे पोहोचलो. सारे वर्तुळ करून उभे राहिले. चेंडूचा फक्त वरचा भाग दिसत होता, आणि त्याच्या बाजूला काडी.

साहेबांनी ते दृश्य पाहून लज्जित व्हावे अशी माझी अपेक्षा होती. परंतु खेळाच्या ऐन भरात मनुष्य निराळाच होतो. त्यांचा चेहरा उजळला. "कर्नल, जसा आहे तसाच मारावा लागेल हं!"

"डॉक्टर?" कर्नलांनी विचारले.

डॉक्टरांनी वाकून पाहिले, जसे ते रुग्णाला पाहत असतील. "सुटं शेण असतं तर बाजूला करता आलं असतं. हे चेंडूला चिकटलंय. चिकटलेलं काढता येत नाही. एक तर असाच मारा, नाही तर एक फटका दंड घ्या."

"दंड? कभी नहीं।" कर्नलांनी आपल्या पांढऱ्या पँटकडे पाहिले, मिशीवरून हात फिरवला आणि काठी उचलली. आम्ही सर्वजण आपोआप मागे सरलो. सुलोचनाबाई तर पार खळ्यापलीकडे गेल्या.

मी डोळे मिटले. मनात तारेची भेंडोळी उलगडू लागली. हा फटका बसला की त्या पँटवर जे उडेल, त्यानंतर तक्रार येणार नाही असा मनुष्य भूतलावर नाही.

"थांबा जी, थांबा! तो पो माहा हाय! काडी नाई दिसत का?"

आम्हांला उतरताना पाहून पळसाआड दडून राहिलेली मनकर्णाबाई टोपली घेऊन धावत आली होती. कर्नलांची काठी हवेत थांबली. "क्या कहती है?"

"सर, इनका कहना है कि ये गोबर इनका है। निशानी लगाई है," मी म्हटले. माझे वाक्य पूर्ण होईतो तिने दोन्ही हातांनी तो पो चेंडूसकट उचलून टोपलीत टाकला.

"मोठी माय, हात नको लावू!"

"काऊन? एकई पो दिसाले नाई पायजे म्हणून तूच बोंबलून राह्यलता ना? आता उचलला तं हात नको लावू म्हन्तो! तुह्या डोक्याचं काई खरं नाई रूप्या."

पळसामागून शकुबाई प्रकट झाली. "पाह्यलं जी सायेब? काडी मी खोवत होती. हिनं मले ढकललं!"

"चाल वं! तुही काडी अजून झाडालेच हाय."

"अन् तुहं कोपर? ते माह्या बरगडीत हाय अजून!"

अशा प्रकारे परस्परांचा सत्कार करीत दोघीही गावाच्या वाटेने चालत्या झाल्या. टोपलीत सकाळी गोठ्यांतून गोळा केलेले इतरही शेण होते. त्यात तो चेंडू कोठे गेला हे आता कोणालाही सांगता आले नसते. जमिनीवर ओलसर डाग तेवढा राहिला, कारण मनकर्णाबाई काम करी ते स्वच्छ करी.

मग डॉक्टरांनी घसा साफ केला. "थांबलेला चेंडू खेळाबाहेरच्या व्यक्तीनं हलवला, तर दंड नाही. चेंडू परत मिळत नसेल तर दुसरा घ्यावा आणि होता तिथेच ठेवावा."

"म्हणजे या गवतावर? साफ?" साहेब किंचाळले.

"साफ."

कर्नलांनी थैलीतून नवा चेंडू काढला आणि तो फुंकर मारून पुसला. साहेबांची मुद्रा पाहवत नव्हती. इतक्यात त्यांच्या चेहऱ्यावर एकदम प्रकाश पडला.

"डॉक्टर! नियमात पुढे काय आहे? मूळ जागेची स्थिती बदलली असेल तर?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. ते न्यायी होते. "तर एका काठीच्या अंतरात, जवळात जवळ, तशाच स्थितीची जागा शोधून तिथे ठेवावा."

"तशाच स्थितीची म्हणजे?"

"म्हणजे शेण."

सबनीस साहेबांनी आपली लांबातली लांब काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्याभोवती ओणवे होऊन शोध आरंभिला. गवत बाजूला सारले, एक पानही उलटून पाहिले. मीही शोधल्यासारखे केले.

"रूपराव, शेण आहे का रे इथे कुठे?"

"नाही साहेब. आपला हुकूम होता. साऱ्या टेकडीवर नाही."

"मग गावातून आण! धाव!"

"आणलेलं चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आपणहून पडलेलं पाहिजे."

साहेब सरळ झाले. त्यांची दृष्टी चरत असलेल्या बांडी गायीवर गेली. एव्हाना तिला शोधीत पुनाजी नाल्यातून वर आले होते आणि आपल्यावर आता काय बेतते या विचाराने दूरच थबकले होते.

"पुनाजी! ती गाय इकडे आण!"

पुनाजींना आपल्या कानांवर विश्वास बसेना. "सायेब, खळ्याजवळ जनावर दिसलं तं तार लावतो म्हनलं होतं ना तुमी?"

"मी सांगतोय ना, आण! इथे, या काठीपाशी उभी कर."

पुनाजींनी गाय आणून उभी केली. सर्वजण तिच्या मागे जाऊन उभे राहिले. गाय रवंथ करीत राहिली. वारा वाहत होता. नागपूरहून आलेली ती सुशिक्षित मंडळी आणि धरण बांधणारा तो अभियंता एका गायीच्या शेपटीकडे एवढ्या एकाग्रतेने पाहत होते की एखाद्या मुहूर्ताची वेळ भरत आली असावी असे वाटावे.

"काय झालं? का थांबली?" साहेबांनी विचारले.

"आता कशी टाकन ते, सायेब?" पुनाजी म्हणाले. "आत्ताच तं टाकला."

"तिला सांग ना!"

पुनाजी गुरांशी गोंडीत बोलत. त्या भाषेतले आम्हांला काही कळत नसे, पण गुरांना सर्व कळे. त्यांनी गायीच्या कानाशी तोंड नेऊन काही सांगितले. गायीने ऐकून घेतले, मान वळवून साहेबांकडे पाहिले आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

"काय म्हणाली?" सुलोचनाबाईंनी गंभीरपणे विचारले.

"ते म्हन्ते, सांगून होत नाई."

यावर साहेबांनी स्वतः पुढे होऊन गायीची पाठ थोपटली, इंग्रजीत दोन शब्द प्रेमाचे बोलले. गायीने त्यांची बाही चाटली, ती खांद्यापर्यंत ओली केली, परंतु मुख्य विषयात काहीही प्रगती झाली नाही. कर्नल आपल्या थैलीवर बसले होते. त्यांना हसू इतके अनावर झाले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

अखेर डॉक्टर म्हणाले, "सबनीस, पुरे. खेळ अडवून धरता येत नाही. तशी जागा एका काठीत नाही, हे उघड आहे."

कर्नलांनी नवा चेंडू त्या साफ गवतावर ठेवला, एक हळुवार फटका मारला, आणि तो झेंडीपासून हातभर अंतरावर जाऊन राहिला. पुढच्या फटक्यात खड्ड्यात. साहेबांची ओली बाही गळत होती. त्यांचा चेंडू खड्ड्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून, मग एकदाचा आत पडला. सामना कर्नलांनी जिंकला.

आता कथेतील सर्वांत कठीण घटका आली. बंगल्याच्या व्हरांड्यात चहा झाला. मी पायरीशी उभा होतो, आणि कुंपणापलीकडे पुनाजी व निम्मे गाव, काही कामानिमित्त तिकडून चालल्याचे दाखवीत, हालत नव्हते. साहेब पराभवाने दुखावलेले होते, हे त्यांच्या कपाच्या आवाजावरून कळत होते. त्यांना आता तक्रार हवी होती.

"कर्नल," ते म्हणाले, "शेणामुळे तुमची फारच गैरसोय झाली असेल."

"गैरसोय?" कर्नल मिशांवरचा चहा पुसत म्हणाले. "सबनीस, मैंने बहुत जगह गोल्फ खेला है। ऐसी पहाड़ी नहीं देखी, और ऐसा नौवाँ होल तो सपने में भी नहीं। उस बाई को मेरा सलाम बोलो। मुझे कोई शिकायत नहीं।"

साहेब डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही तरी मनमोकळं सांगा. गुरं चरतात तिथे खेळणं म्हणजे..."

"चढाबद्दल माझं हृदय तक्रार करतंय," डॉक्टर म्हणाले. "गुरांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. उलट एवढा गुंतागुंतीचा निवाडा देण्याची संधी मला नागपुरात कधी मिळाली नाही."

राहिल्या सुलोचनाबाई. त्यांनी कप खाली ठेवला.

"माझी एक तक्रार आहे," त्या म्हणाल्या.

कुंपणापलीकडच्या गावाने चालल्याचे दाखविणेही सोडून दिले. माझ्या हातांना, खरोखर सांगतो, खुंट रोवण्याच्या लोखंडी सबलीचा गार स्पर्श जाणवला.

"बोला ना, अगदी निःसंकोच बोला," साहेब पुढे सरकले.

"तक्रार तुमच्याबद्दल आहे, सबनीस. त्या गायीला एवढा वेळ उन्हात उभं केलंत, तिच्याकडून एवढी मोठी अपेक्षा ठेवलीत, आणि कोणी तिला घोटभर पाणी दाखवलं नाही. टेकडीवर एक हौदसुद्धा नाही! तिला वाटलं असेल, काय माणसं आहेत."

कर्नल टाळ्या वाजवू लागले. साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी शब्द दिलेला होता, आणि मी आरंभीच लिहिले आहे की ते शब्दाला पक्के होते; तो गुण त्यांच्या हातून त्या दिवशीही सुटला नाही. बराच वेळ चहात चमचा फिरवून ते म्हणाले, "रूपराव, त्या गायीला पाणी पाज."

"हो साहेब. आणि उद्या...?"

"उद्या सबल घेऊन ये." त्यांनी चमचा बशीत ठेवला. कुंपणापलीकडचे गाव कुंपणाला चिकटले. "नवव्या खळ्याच्या खाली हौदासाठी खड्डा घ्यायचाय. चांगला मोठा घे. गुरांची तोंडं एकमेकांना लागायला नकोत."

सोमवारी मी तो खड्डा खणला. माती भुसभुशीत होती, आणि इतक्या आनंदाने मी दुसरा कोणताही खड्डा खणलेला नाही. मनकर्णाबाई काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. मी तिला कर्नलांचा सलाम सांगितला.

"सलाम करतीनच ना," ती म्हणाली. "एवढे शिकलेले, लांबून लांबून जीप घेऊन आले, अन् गाईच्या मागं उभे राह्यले. आमची तं रोजचीच गोष्ट हाय. कोनी चा नाई पाजत." मग तिने हौदाच्या जागेकडे पाहिले, पुढे पळसांकडे पाहिले, आणि आवाज उतरवून म्हणाली, "पन हे बरं केलं बापू. आता सगये जनावरं पानी प्याले इथंच येतीन. शकुबाईले सांगू नको. मी सकायीच येऊन बसत जाईन, काड्या घेऊन."

येथे निवेदन पूर्ण झाले. ज्या वाचकांनी एका टेकडीचा, तीन पाहुण्यांचा आणि एका गायीचा हा वृत्तान्त शेवटपर्यंत सोबत राहून वाचला, त्यांनी आपला बहुमोल वेळ माझ्यासारख्या अल्पशिक्षित मनुष्यास दिला, याबद्दल मी त्यांचा अंतःकरणापासून आभारी आहे.

आपला नम्र,
रूपराव अण्णाजी काळबांडे
मुकादम, मुक्काम उमरटेक, तालुका आर्वी